नेटकरी संतापले

२२ मे २०२५ची सकाळ. डोंबिवलीहून सुटलेली फास्ट, दारापासून तिसरा माणूस मी. रात्री साडेबाराला बिल्बावमध्ये युरोपा लीगची फायनल सुरू झाली होती, ती अडीचच्या सुमारास संपली. टॉटनहॅम १, मँचेस्टर युनायटेड ०. त्यानंतर झोप लागली नव्हती. ठाणं गेल्यावर खिशातून मोबाइल काढण्याइतकी जागा झाली, आणि बातम्यांच्या एका मराठी साइटवर मला मीच दिसलो.

मथळा होता : 'लाल सैतानांची नाचक्की! नेटकरी संतापले, म्हणाले, आता बस्स!' खाली चार पोस्टी चिकटवल्या होत्या. तिसरी माझी. रात्री पावणेतीनला स्वयंपाकघरात उभ्यानं पाणी पिता पिता मी लिहिलं होतं : 'आता बस्स. वीस वर्षं क्लब मालकांच्या कर्जाचं व्याज भरतोय. तेवढ्या पैशात किती स्ट्रायकर आले असते आणि गळकं छप्पर किती वेळा दुरुस्त झालं असतं, याचा हिशेब कुणी मांडेल का?' बातमीत त्यातलं फक्त 'आता बस्स' होतं. पुढचं कापलेलं. वर एक ओळ : 'एका संतप्त चाहत्याने तर थेट हात जोडले.' मी हात कधी जोडले ते मला आठवत नाही. मी संतप्तही नव्हतो. दमलो होतो, आणि एक प्रश्न विचारत होतो.

हा लेख त्या कापलेल्या दोन वाक्यांबद्दल आहे.

आधी एक गोष्ट उरकून घेतो, कारण ती विचारली जाणारच. डोंबिवलीतल्या मराठी माणसाला मँचेस्टरच्या क्लबाचं काय पडलंय? मे १९९९मध्ये मी चौदा वर्षांचा होतो. चाळीत खालच्या मजल्यावरच्या काकांकडे केबल होती. रात्री सव्वाबाराला सुरू झालेल्या त्या सामन्यात बायर्न म्युनिकची टीम नव्वद मिनिटं एका गोलनं पुढे होती. काका झोपून गेले होते. मग जादा वेळेत शेरिंगहॅम आणि सोल्शियार यांनी दोन गोल केले आणि मी अशा काही आवाजात ओरडलो की काकूंना वाटलं, चोर आला. त्या वयात जे चिकटतं ते सुटत नाही. कुणाला लतादीदींचा आवाज चिकटतो, कुणाला शाखा चिकटते. मला हे चिकटलं. यापेक्षा मोठं समर्थन माझ्याकडे नाही, आणि मला ते देण्याची गरजही वाटत नाही.

तर क्लब हरतोय, हे खरं आहे. २०१३ साली अ‍ॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हापासून लीग जिंकलेली नाही. २०२४-२५च्या हंगामात वीस संघांत पंधरावा नंबर आला. ३८ सामन्यांत १८ पराभव, ४२ गुण. ज्या टॉटनहॅमकडून आम्ही फायनल हरलो ते सतरावे होते. म्हणजे ती फायनल दोन नापासांची होती, आणि त्यातही आम्ही दुसरे आलो. या सगळ्यावर टीका होऊ नये असं मी म्हणत नाहीये. उलट ती धड होत नाही, ही माझी तक्रार आहे.

धड टीका म्हणजे काय, ते एका सोसायटीच्या उदाहरणानं सांगतो. समजा, तुमच्या सोसायटीवर एका पैशाचं कर्ज नाही. बाहेरचा एक श्रीमंत कुटुंबप्रमुख येतो आणि म्हणतो, मी ही इमारत विकत घेतो. त्याच्याकडे पूर्ण पैसे नसतात. तो बँकेकडून आणि सावकारांकडून उचलतो, आणि ते कर्ज स्वतःच्या नावावर न ठेवता सोसायटीच्या डोक्यावर टाकतो. आता दर महिन्याला तुम्ही भरता त्या मेंटेनन्समधून त्याच्या खरेदीचं व्याज जातं. लिफ्ट बंद पडते, गच्ची गळते, आणि सेक्रेटरी बदलत राहतात. २००५मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबानं सुमारे ७९ कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेड घेतला तो असा. निम्म्याहून अधिक रक्कम उसनी, आणि तिचा मोठा भार क्लबावर. त्याआधी क्लबावर कर्ज नव्हतं. तेव्हापासून व्याज, कर्जाचे इतर खर्च आणि भागधारकांचा लाभांश मिळून एक अब्ज पौंडांहून अधिक पैसा क्लबातून बाहेर गेला आहे. फर्ग्युसन होते तोवर गच्ची गळते हे कुणाला दिसलं नाही, कारण त्यांनी त्या परिस्थितीतही २००७ ते २०१३ दरम्यान पाच वेळा लीग जिंकून दाखवली. ते गेले आणि पाणी खाली आलं. हे मी अलंकारिक म्हणत नाही. मे २०२४मध्ये आर्सेनलविरुद्धचा सामना संपल्यावर मोठा पाऊस झाला आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या छपरातून प्रेक्षकांच्या जागांवर धबधबा कोसळला. त्या धबधब्याचा व्हिडिओ मी मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत मिळून किती ठिकाणी पाहिला असेल, देव जाणे. 'पाहा व्हिडिओ.' पाहिला. छप्पर का गळतं, एवढंच त्यात नव्हतं.

कोणी म्हणेल, हे इंग्रजी पेपरांत छापून आलेलं आहे, नाहीतर तुम्हाला कळलं कुठून? बरोबर. इंग्लंडमध्ये क्लबांच्या ताळेबंदावर लिहिणारे चांगले पत्रकार आहेत आणि मी जे शिकलो ते त्यांच्याकडूनच. पण ते आतल्या पानावर असतात, वर्षातून चार वेळा, तिमाही आकडे आले की. उरलेले दिवस बातमी असते ती माणसांची. कोण रुसला, कोण कुणाशी बोलत नाही, कोण बाकावर बसून हसला. पॉल पोग्बा आमच्याकडे होता तेव्हा त्याच्या केसांच्या रंगावर जेवढी शाई गेली तेवढी त्याच्या पासिंगवर गेली असती, तर निदान तो चांगला होता की वाईट, एवढा तरी निकाल लागला असता. आज इतक्या वर्षांनीही ते भांडण मिटलेलं नाही आणि केसांबद्दल मात्र सगळ्यांचं सगळं ठरलेलं आहे.

प्रशिक्षकांचं तर विचारूच नका. मॉइस, व्हान खाल, मोरिन्यो, सोल्शियार, रांगनिक, टेन हाख, अमोरिम. प्रत्येकाची गोष्ट तीच. येताना 'नवी पहाट', जाताना 'ड्रेसिंग रूम गमावली'. ही ड्रेसिंग रूम कोणी एकदा सापडवून द्या राव. सात वेगवेगळ्या स्वभावांची, सात वेगवेगळ्या पद्धतींची माणसं एकाच जागी येऊन एकाच रीतीनं अपयशी होतात, तेव्हा जागेकडे बघावं असं साध्या वाचकालाही सुचतं. पण जागेचा फोटो निघत नाही. जागा पत्रकार परिषदेत चिडत नाही.

जानेवारी २०२५मध्ये ब्रायटनविरुद्ध घरच्या मैदानावर हरल्यावर रूबेन अमोरिम म्हणाले की आम्ही कदाचित क्लबच्या इतिहासातला सर्वांत वाईट संघ आहोत. आणि त्याच दमात समोर बसलेल्या पत्रकारांना म्हणाले, घ्या, हा तुमचा मथळा. त्यांनी तो घेतला. जगभर घेतला. तो माणूस उपरोधानं बोलतोय, की आम्हाला काय हवंय ते याला कळलंय, हा विचार करायला कुणी थांबलं नाही. त्या दिवशी मला तो प्रशिक्षक पहिल्यांदा आवडला. (त्याची ३-४-३ पद्धत मला कधीच आवडली नाही, ते वेगळं.) मग ऑगस्टमध्ये ग्रिम्सबी. चौथ्या श्रेणीतला संघ, २-२ बरोबरी, आणि पेनल्टींवर १२-११ असा पराभव. वाईट, फारच वाईट. पण त्यानंतर कित्येक दिवस आम्हाला काय दाखवलं गेलं? पावसात बाकावर बसलेले अमोरिम एका छोट्या बोर्डावर सोंगट्या सरकवताहेत. सोंगट्या कुठून कुठे सरकवल्या आणि त्यानं मैदानात काय बदललं, हे सांगणारा एक लेख मला सापडला, तोही शोधावा लागला.

आणि तो केसवाला. एका चाहत्यानं ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर केलं की युनायटेड सलग पाच सामने जिंकेपर्यंत मी केस कापणार नाही. वर्ष उलटलं, केस वाढत गेले, आणि तो बातमी झाला. माझा त्याच्यावर राग नाही, बिचारा हौशी माणूस. पण हळूहळू असं झालं की आमच्या सामन्याआधीच्या चर्चेत त्याचे केस हा मुद्दा आला. म्हणजे एका क्लबाची पडझड मोजायचं माप कोणतं, तर एका माणसाच्या डोक्यावरचं जंगल. खेळाडूंना पत्रकार परिषदेत त्याबद्दल प्रश्न. मालकांना काय प्रश्न? मालक पत्रकार परिषद घेत नाहीत.

यात एक वेगळाच धंदाही उभा राहिला आहे. जुन्या खेळाडूंचा. रॉय कीन, गॅरी नेव्हिल, रिओ फर्डिनंड, पॉल स्कोल्स : माझ्या खोलीच्या भिंतीवर ज्यांची चित्रं होती तीच माणसं आज टीव्हीवर आणि पॉडकास्टवर बसून आम्ही किती घाण आहोत ते सांगतात. नेव्हिल मालकांवरही बोलला आहे, २०२१च्या सुपर लीगच्या वेळी तर पोटतिडकीनं बोलला, ते नाकारायचं कारण नाही. पण आठवड्याला दोनदा, अमक्या पोराला हा शर्ट झेपत नाही, तमक्याच्या डोळ्यांत भूक नाही, हे ऐकताना मला आमच्या वाडीतल्या निवृत्त मास्तरांची आठवण येते. त्यांच्या वेळी सगळी मुलं हुशार होती. 'डीएनए' हा शब्द तर आता माझ्यासमोर कुणी काढू नये. क्लबाला डीएनए नसतो. क्लबाला ताळेबंद असतो, अकादमी असते, खेळाडू शोधणारी माणसं असतात, आणि त्यांचे पगार असतात.

पगारांवरून आठवलं. २०२४मध्ये क्लबातल्या सुमारे २५० लोकांना काढलं, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये आणखी दोनशेपर्यंत काढणार असं जाहीर झालं. हे खेळाडू नव्हेत. तिकीट खिडकीवरचे, कार्यालयातले, वर्षानुवर्षं तिथे काम करणारे लोक. ओल्ड ट्रॅफर्डमधल्या कर्मचाऱ्यांचं कँटीन बंद, जेवणाऐवजी फळं. त्याच हंगामाच्या मध्यावर उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला, लहान मुलं आणि म्हातारे यांची सवलत काढून. चाहते बाहेर बॅनर घेऊन उभे राहिले. मी हे मराठीत वाचायला शोधलं. एका ठिकाणी सापडलं : 'मँचेस्टर युनायटेडच्या कर्मचाऱ्यांना आता फक्त फळे! नेटकऱ्यांनी उडवली खिल्ली.'

खिल्ली. माझे वडील परळच्या एका गिरणीत होते. चारशे माणसांना घरी पाठवण्याची बातमी आमच्या घरात कुणी खिल्लीच्या सुरात वाचली नसती. बाबा सांगायचे, संपाच्या वेळी डॉक्टर सामंत आज काय म्हणाले हे रोज छापून यायचं, पण गिरणीच्या जमिनीचं पुढे काय होणार हे आम्ही पेपरात शोधत बसायचो. आज त्या जमिनीवर काय आहे ते लोअर परळला उतरणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. मी दोन गोष्टींची बरोबरी करत नाहीये. गिरणी कामगाराचं पोट आणि माझा फुटबॉलचा शौक एका तराजूत बसत नाहीत. पण चेहरा दाखवायचा आणि जमीन झाकायची, ही बातमी लिहायची रीत तीच आहे, आणि ती मला बाबांमुळे ओळखता येते.

ही रीत मैदानावरही सगळ्यांना सारखी लागू होत नाही. डिसेंबर २०१८मध्ये आमच्या शेजाऱ्यांच्या, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या रहीम स्टर्लिंगनं दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या होत्या. दोन तरुण खेळाडू, एकाच क्लबाचे, दोघांनीही आईसाठी घर घेतलेलं. गोऱ्या मुलानं आईसाठी घर घेतलं, तर काळ्या मुलानं एकही लीग सामना सुरुवातीपासून न खेळता महागडा बंगला घेतला. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या. मी सिटीच्या माणसाचं कौतुक सहसा करत नाही, पण ते काम त्यानं केलं, एवढं नोंदवून पुढे जातो.

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसलो तिथे येतो. माझे युनायटेड दोन होते.

दुसरा कूपरेजवर खेळायचा. चर्चगेटला उतरायचं, ओव्हलच्या कडेनं चालत जायचं. महिंद्रा युनायटेड. त्यांचाही शर्ट लाल. २००५-०६मध्ये डेरिक परेरा प्रशिक्षक असताना त्यांनी नॅशनल फुटबॉल लीग जिंकली, कोलकात्याच्या आणि गोव्याच्या मातब्बरांना मागे टाकून. मी कॉलेज संपवून नोकरी शोधत होतो, दुपारी वेळच वेळ होता. उजव्या बगलेवर आपला मुंबईचा स्टीव्हन डायस, पुढे घानाचा युसिफ याकुबू. प्रेक्षक किती, तर बऱ्याचदा मोजता येतील इतके. चणेवाला आम्हाला नावानं ओळखायचा. पण चेंडू बगलेवर डायसकडे आला की ती मोजकी माणसं उठून उभी राहायची आणि लाकडी फळ्या एकदम वाजायच्या. ओल्ड ट्रॅफर्ड मी पाहिलेलं नाही. कूपरेजवरून घरी जाताना शर्टाला मातीचा वास यायचा, हे मी पाहिलेलं, हुंगलेलं आहे. माझ्या शहराचा संघ देशाचा विजेता झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मुलाखतीत समोरच्या साहेबांना मी छंद म्हणून महिंद्रा युनायटेड सांगितलं तेव्हा ते म्हणाले, जीपवाले? त्यांची टीम पण असते?

२०१०मध्ये तो संघ बंद झाला. कंपनीनं ठरवलं की व्यावसायिक संघ चालवण्याऐवजी शालेय पातळीवरच्या फुटबॉलवर लक्ष द्यायचं. त्या निर्णयाच्या बाजूनं बोलता येईल, विरुद्धही येईल. मला भांडायचंय ते त्यावर नाही. घरी येणाऱ्या मराठी पेपरात ती बातमी चार ओळींची होती, क्रीडा पानाच्या तळाशी, 'संक्षिप्त' या सदरात, कुठल्याशा जिल्हा कॅरम स्पर्धेच्या निकालाखाली. देशाचा विजेता राहिलेला मुंबईचा संघ. किती खेळाडू बेकार होणार, ते कुठे जाणार, एवढी मोठी कंपनी या शहरात फुटबॉल संघ का चालवू शकत नाही, तिकीट विकून किती येतं, टीव्हीवाले काय देतात : एकही प्रश्न नाही. कारण त्यात कोणी रुसलेलं नव्हतं. चेहरा नव्हता.

आणि त्याच वर्षी मार्चमध्ये, त्याच पेपरात, त्याच पानावर, मोठा रंगीत फोटो होता डेव्हिड बेकहॅमचा. तो मिलानकडून ओल्ड ट्रॅफर्डवर खेळायला आला होता, ४-० हरला, आणि जाता जाता प्रेक्षकांतून आलेला हिरवा-सोनेरी मफलर त्यानं गळ्यात घातला. फोटोखाली लिहिलं होतं, बेकहॅमचे जुन्या चाहत्यांकडून प्रेमाने स्वागत. ते स्वागत नव्हतं. तो निषेध होता. हिरवा आणि सोनेरी हे न्यूटन हीथचे रंग. १८७८मध्ये रेल्वे कामगारांनी काढलेल्या त्या क्लबाचंच पुढे मँचेस्टर युनायटेड झालं. मालकांच्या कर्जाविरुद्ध चाहत्यांनी लाल रंग उतरवून ते जुने रंग गळ्यात घातले होते. म्हणजे त्या महिन्यांत एकाच पानावर माझ्या दोन्ही युनायटेडची बातमी आली. एकाची एवढी छोटी की दिसू नये, दुसऱ्याची एवढी मोठी की मफलर दिसावा आणि तो का घातलाय हे दिसू नये. मी दोन्ही कात्रणं कापून एका वहीत ठेवली आहेत. चार ओळींचं कात्रण बेकहॅमच्या फोटोमागे सहज हरवतं, म्हणून त्याला टाचणी लावली आहे.

पुढे काय झालं ते थोडक्यात : २०१६मध्ये गोव्याचे साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, २०१७नंतर मुंबई एफसी संपला. आज मुंबईत जो मोठा क्लब आहे त्याची मालकी २०१९मध्ये कुणाकडे गेली असेल? मँचेस्टर सिटीवाल्यांच्या गटाकडे. नशीब म्हणतात ते हेच. आणि जुलै २०२५मध्ये अख्खी इंडियन सुपर लीगच स्थगित ठेवल्याचं जाहीर झालं, तेव्हा कराराच्या नूतनीकरणाचा घोळ समजून घ्यायला मला पुन्हा इंग्रजीकडेच जावं लागलं.

मराठीत हे होत नाही, होऊच शकत नाही, असं मला कुणी सांगू नये. कोल्हापूरचा पेपर उघडा. माझा एक सहकारी कोल्हापूरचा आहे, पाटाकडीलचा कट्टर. त्याच्या घरून हंगामात व्हॉट्सॲपवर कात्रणं येतात. पाटाकडील, शिवाजी मंडळ, दिलबहार, प्रॅक्टिस, फुलेवाडी, खंडोबा. कितव्या मिनिटाला कुणाच्या पासवर कुणी गोल केला, कुणाचा फटका बारला लागला, कुणाला पिवळं कार्ड, कोणत्या बचावपटूनं चेंडू गोलरेषेवरून काढला. शाहू स्टेडियममधला सामना न पाहता मला डोळ्यांसमोर येतो. लिहिणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा नसतंच. तो वार्ताहर मैदानात होता, त्यानं सामना पाहिला, आणि वाचणाऱ्यालाही फुटबॉल कळतो यावर त्याचा विश्वास आहे. दुसऱ्या दिवशी चौकात लोक ते वाचून चुका काढणार, ही भीतीही आहे. जगातल्या सर्वांत श्रीमंत लीगच्या सामन्याची मराठी बातमी मला यापेक्षा कमी माहिती देते. तिच्यात गोल कसा झाला ते नसतं. कोण कोसळलं, कोण भावुक झालं, कुणाला धूळ चारली आणि नेटकऱ्यांना काय वाटलं, ते असतं.

हा नेटकरी कोण, हे मला मे महिन्यात कळलं. तो मी. रात्री अडीच वाजता उभ्यानं पाणी पिणारा. आमच्या हरण्यावर हे सगळं दुकान चालतं, कारण गिऱ्हाईकही मीच. खरं सांगतो, जिंकलो की मी पाच मिनिटांत झोपतो. हरलो की तीनपर्यंत एकेक व्हिडिओ उघडत जातो : कीन काय म्हणाला, तो आरडाओरडा करणारा युट्यूबवाला काय म्हणाला, ड्रेसिंग रूममध्ये काय झालं 'सूत्रांनी' सांगितलं. बायकोनं एकदा अर्धवट झोपेत विचारलं, "हरल्याचं कळलंय ना तुम्हाला? मग आता काय बघताय?" उत्तर नव्हतं. क्लबाच्या तिमाही ताळेबंदाचं पान मी उघडलंय खरं, पण ते मी रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर उघडतो आणि तिसऱ्या पानावर मला डुलकी लागते. साइटवाल्याला हे आकडे दिसतात. मी कशावर किती वेळ थांबलो, हे त्याला माझ्या बायकोपेक्षा जास्त माहीत आहे.

तरीही. मिठाई खपते म्हणून खानावळीनं भाजी-भाकरी बंद करायची नसते.

तर त्या दिवशी मी त्या साइटला लिहिलं. माझी पोस्ट पूर्ण छापा, नाहीतर काढा. संपर्काच्या पानावरचा ईमेल कुणी वाचत नसेल असं वाटलं होतं, पण संध्याकाळी एका मुलाचा मेसेज आला. भाषा फार अदबीची. "सॉरी सर, रात्रपाळीला मी एकटाच होतो. सकाळी आठपर्यंत अठरा बातम्या टाकायच्या होत्या. तुमची पोस्ट मी पूर्ण वाचली होती सर. मी आर्सेनलचा आहे, पण तुमचा मुद्दा बरोबर आहे." मी विचारलं, मग कापली का? "व्याजाचं वाक्य ठेवलं तर बातमीच्या बाहेर जातं, सर. मग ते समजावून सांगावं लागतं." त्यावर मला काही सुचेना. मी विचारलं, समजावून सांगणारी बातमी कधी करणार? तो म्हणाला, विचारतो वरिष्ठांना. मग थोड्या वेळानं पुन्हा : "सर, तुमचा एखादा फोटो आहे का, लोकलमध्ये जर्सी घातलेला? म्हणजे तुमच्यावरच एक स्टोरी करता येईल. डोंबिवलीचा लाल सैतान असं काहीतरी."

पोरगा मनापासून मदत करत होता. फोटो माझ्याकडे होता, २०१७चा, युरोपा लीग जिंकलो तेव्हाचा, दारात लटकलेला. तो मी पाठवला नाही. वहीतून चार ओळींचं ते कात्रण काढलं, टाचणी काढून टेबलावर सपाट केलं, फोटो काढला आणि पाठवला. खाली लिहिलं, हा पण आमचाच क्लब, यावर करा.

दोन निळ्या टिका आल्या. मग बराच वेळ वर 'टायपिंग' दिसत राहिलं, थांबलं, पुन्हा दिसलं. शेवटी मेसेज आला : "सर, हे कूपरेज म्हणजे नेमकं कुठे?"

मी त्याला चर्चगेटपासूनचा रस्ता सांगितला.